विषय : वायफाय मोडेम, आवृत्ती २ – प्रत्येक कमांडला ‘ओके’, काम मात्र शून्य

प्रति,
उत्पादन व्यवस्थापक,

आजचा फोन ४७ मिनिटं चालला. त्यातली ३१ मिनिटं तुमचं संगीत वाजत होतं. उरलेल्या वेळात काय ऐकायला मिळालं ते पुढे येईलच. आधी मुद्दा लिहिते, कारण आधीच्या तीन फोनांत आणि सहा ईमेलमध्ये तो कुणी पुरता ऐकूनच घेतला नाही.

जुन्या संगणकाच्या सिरियल पोर्टला लावायचा आणि फोनच्या तारेऐवजी वायफायवरून बीबीएसला (मजकुराच्या पडद्यावर चालणारा जुन्या पद्धतीचा सार्वजनिक फलक) जोडून देणारा हा तुमचा मोडेम. खोक्यावर तुम्ही छापलंय : ‘संपूर्ण आरएस-२३२, हार्डवेअर फ्लो कंट्रोल, हेझ कमांड्स’. म्हणजे सिरियल पोर्टच्या सगळ्या तारा, ‘थांब’ आणि ‘चल’ सांगायला वेगळ्या तारा, आणि ‘एटी’ने सुरू होणारे मोडेमचे हुकूम. आवृत्ती १ मध्ये ते खरं होतं. आवृत्ती २ मध्ये नऊ पिनांपैकी २, ३ आणि ५ (संगणकाकडे जाणारा डेटा आरएक्सडी, मोडेमकडे येणारा डेटा टीएक्सडी, आणि ग्राउंड) एवढ्याच जिवंत आहेत, बाकीच्या सहा शोभेला. पिन ७ (आरटीएस, संगणकाने मोडेमला ‘थांब’ किंवा ‘चल’ म्हणायची) आणि ८ (सीटीएस, मोडेमने संगणकाला तेच म्हणायची) सर्किट बोर्डावरच एकमेकींना जोडून टाकल्यात. १ (डीसीडी, म्हणजे कॅरियर डिटेक्ट : पलीकडे कुणी जोडलेलं आहे), ४ (डीटीआर : संगणक तयार आहे) आणि ६ (डीएसआर : मोडेम तयार आहे) यांचंही तेच. पिन ९ (आरआय, फोनची घंटी) कुठेच जात नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून ७ आणि ८ ला टोकं लावा, बीप वाजेल. १ आणि ४ ला लावा, पुन्हा बीप. मीटर शोधायचाही कंटाळा असेल तर आणखी सोपी चाचणी आहे. मोडेमची यूएसबी पॉवर काढा, सिरियल केबल तशीच राहू द्या आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये कॅरियर डिटेक्ट बघा. लागलेलंच असेल. मोडेमला वीज नाही, आणि संगणकाला खुशाल सांगितलं जातंय की बीबीएस लाइनवर आहे!

याचा परिणाम काय होतो हे तुमच्यासारख्यांना सांगायला लागू नये, पण चार फोनांनंतर खात्री वाटत नाही म्हणून सांगते. ९६०० बॉड, ८एन१, म्हणजे ८ डेटा बिट आणि त्यांच्या पुढेमागे एकेक खुणेचा बिट. एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, दर १.०४ मिलिसेकंदाला एक. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ यंत्रात सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या ८२५० चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा किती? एका बाइटची. (तिच्या नंतरच्या १६५५०ए मध्ये १६ बाइट असतात, पण तुमची जाहिरात खास जुन्या यंत्रांसाठी आहे.) टर्मिनल प्रोग्रॅम इंटरप्टवर चालून स्वतःचा ४ केबीचा बफर ठेवतो असं धरू. पडदा सरकवण्यात किंवा फ्लॉपीवर लिहिण्यात यंत्र अडकलं की तो बफर सव्वाचार सेकंदांत तुडुंब होतो. तो भरत आला की प्रोग्रॅम आरटीएस खाली करून मोडेमला ‘थांब’ म्हणतो. तुमच्या मोडेममध्ये हा निरोप पिन ७ वरून निघतो आणि पिन ८ वरून त्याच संगणकाच्या सीटीएसवर परत येतो. म्हणजे गप्प बसायला सांगितलं मोडेमला, आणि गप्प बसतो संगणकच. मोडेम आपला ओततोय. एखादा एस्केप बाइट (रंग बदलण्याच्या हुकमाची सुरुवात) हरवला की रंग बदलण्याऐवजी पडद्यावर चौकटी कंस आणि आकडे उमटतात, आणि तुमचे लोक विचारतात, ‘फॉन्ट इन्स्टॉल केलाय का?’

आता त्या ‘ओके’बद्दल.

एटी&के३ द्या, म्हणजे आरटीएस-सीटीएस चालू. उत्तर : ओके. एटी&सी१, म्हणजे डीसीडी खऱ्या कॅरियरप्रमाणे चालावं. ओके. एटी&डी२, म्हणजे डीटीआर पडला की फोन ठेवावा. ओके. यातलं एकही काम तो करत नाही, करूच शकत नाही, तारच नाहीये. तरी ओके. हेझच्या पद्धतीत न जमणाऱ्या कमांडला ‘एरर’ म्हणायची सोय पहिल्यापासून आहे. ती तुमच्या फर्मवेअरमध्ये कुणीतरी विचारपूर्वक गाळलेली दिसते.

आजच्या फोनवर नेमकं हेच सांगितलं. संवाद जसाच्या तसा देते, कारण तुमच्याकडे तो ‘प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड’ झालेला आहे आणि खरोखरच कुणाच्या तरी प्रशिक्षणासाठी वापरावा अशी विनंती आहे.

“आरटीएस खाली गेल्यावर मोडेम थांबत नाही.”

“मॅडम, कमांड दिल्यावर काय येतं?”

“ओके येतं.”

“मग ओके आहे ना!”

“ओके येतं, पण फ्लो कंट्रोल लागू होत नाही.”

“लागू झालं नसतं तर एरर आला असता, मॅडम.”

त्यांच्या टेबलावर मोडेम होता. मी त्यांना एटी&के९९ द्यायला सांगितलं. दिलं. “ओके आलं,” ते खुशीत म्हणाले. मी म्हटलं, के९९ नावाची कमांड कुठल्याच मोडेमला नाही, तुमच्या पुस्तिकेतही नाही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर आलं : “म्हणजे आपला मोडेम जास्त कमांड सपोर्ट करतो, मॅडम.”

हे वाक्य मी कागदावर लिहून घेतलं. विनोद असावा म्हणून दोन क्षण थांबले. नव्हता. मी पुन्हा पिन ७ आणि ८ बद्दल बोलू लागले, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी विचारलं, “घरात दुसरं कुणी टेक्निकल आहे का? त्यांच्याकडे फोन देता?” इतका वेळ मी त्यांना पिना मोजून दाखवत होते, आणि टेक्निकल माणूस हवा होता त्यांना! फोन ठेवल्यावर ईमेल आला : तक्रार बंद, ग्राहकाचे समाधान झाले, स्थिती – ओके. तुमचा मोडेम आणि तुमचा तक्रार विभाग एकाच माणसाने लिहिलाय का?

त्याआधीच्या फोनवर सल्ला मिळाला होता की हार्डवेअर जमत नसेल तर सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल वापरा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एटी&के४ हे तुमचं एकमेव खरं ‘ओके’ आहे हे कबूल, एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे तारेऐवजी डेटातूनच ‘चल’ आणि ‘थांब’ असे बाइट पाठवणं, चालतं. पण एक्सऑन म्हणजे बाइट १७ आणि एक्सऑफ म्हणजे बाइट १९. हे दोन्ही मोडेम स्वतःसाठी काढून घेतो, पुढे पाठवत नाही. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक १२८ बाइटांच्या ब्लॉकच्या सुरुवातीला ब्लॉकचा क्रमांक जातो. तेव्हा साधी मजकुराची फाइल अपलोड करा : १६ ब्लॉक, म्हणजे २ केबी, सुखरूप. सतराव्या ब्लॉकचा क्रमांकच मोडेम गिळतो, ब्लॉक एका बाइटने तोकडा पडतो, पलीकडून नकार येतो, पुन्हा पाठवला की पुन्हा तेच, आणि काही प्रयत्नांनंतर सगळं रद्द. २ केबीहून मोठी फाइल कुठलीही घ्या, सतराव्या पायरीपुढे जाणार नाही. हा सल्ला तुमच्या मदतीच्या पानावर अजून आहे. काढा.

डाउनलोडचं दुखणं वेगळं आहे, आणि ते तारांचं नसून निव्वळ फर्मवेअरचं आहे. मोडेम बीबीएसशी इंटरनेटवर टेलनेट या पद्धतीने बोलतो, आणि टेलनेटमध्ये २५५ हा बाइट हुकमासाठी राखलेला. फाइलमधला खराखुरा २५५ पाठवायचा तर बीबीएस तो दोनदा पाठवतं, आणि त्यातला एक काढून टाकणं मोडेमचं काम. तुमचा मोडेम दोन्ही पुढे ढकलतो. वायमोडेम या एक्समोडेमच्या पुढच्या पद्धतीत पहिला ब्लॉक असतो शून्य क्रमांकाचा, आणि क्रमांकामागून त्याचा पूरक आकडा (२५५ वजा क्रमांक) जातो, म्हणजे २५५. त्यामुळे वायमोडेम पहिल्याच ब्लॉकला आडवा होतो, फाइलचं नावसुद्धा पोचत नाही. एक्समोडेम थोडं पुढे जातं. मजकुराच्या फाइलचे २५४ ब्लॉक, म्हणजे ३२,५१२ बाइट, येतात (मधल्या एखाद्या ब्लॉकचा चेकसम, म्हणजे तपासणीची बेरीज, नेमका २५५ आला नाही तर). मग पुढच्या ब्लॉकचा क्रमांकच २५५, आणि खेळ खलास. ‘मोठ्या फाइल्सना इंटरनेटचा वेग कमी पडत असेल’ हे तुमच्या दुसऱ्या ईमेलमधलं निदान. वेग! ९६०० बॉडला!

जे या मोडेमवर स्वतः बीबीएस चालवतात त्यांचं तर आणखी कठीण. कॉलर लॉगऑफ न करता निघून गेला की डीसीडी पडतो, आणि त्यावरून बीबीएसला कळतं की माणूस गेला, आता सगळं मिटवून पुढच्या कॉलची वाट बघायची. तुमचा डीसीडी संगणकाच्याच डीटीआरला बांधलेला, तो कशाला पडतोय? सत्र उघडंच राहतं. पुढचा कॉलर जोडला जातो तो थेट आधीच्या माणसाच्या खात्यात. तो आधीचा माणूस सिसॉप, म्हणजे बीबीएसचा चालक, असेल तर काय होईल, याचा विचार तुमच्याकडे कुणी केलाय? आणि बीबीएसने डीटीआर पाडून कॉलरला घालवायचं म्हटलं, तर तो निरोपही मोडेमपर्यंत जात नाही. पुन्हा सांगते : एटी&डी२ ला उत्तर ‘ओके’ येतं.

सील तोडलं म्हणून वॉरंटी गेली असं कळवण्याचे श्रम घेऊ नका, तोडलंय. आवृत्ती १ मध्ये सिरियल तारांचे सिग्नल हाताळायला मॅक्स३२३७ ही चिप होती : पाच ड्रायव्हर, तीन रिसीव्हर. मोडेमच्या बाजूला नेमकं एवढंच लागतं. आरएक्सडी, सीटीएस, डीएसआर, डीसीडी, आरआय हे बाहेर जाणारे पाच, आणि टीएक्सडी, आरटीएस, डीटीआर हे आत येणारे तीन. आवृत्ती २ मध्ये तिच्या जागी मॅक्स३२३२ आली, दोन ड्रायव्हर आणि दोन रिसीव्हर. चिप बदलली इथवर समजू शकते. पण त्यातलाही एकेकच वापरलाय! चिपचे पाय ७, ८, ९ आणि १० मोकळे लोंबतायत. निदान आरटीएस-सीटीएस त्याच चिपवर, एकही भाग न वाढवता झालं असतं. करून बघितलं. पिन ७ आणि ८ मधला ट्रॅक कापायचा. जोडणीची पिन ७ चिपच्या पाय ८ ला, पाय ९ ईएसपी८२६६ च्या (मोडेमची मुख्य वायफाय चिप) जीपीआयओ१३ या पिनेला. जीपीआयओ१५ पाय १० ला, आणि पाय ७ जोडणीच्या पिन ८ ला. चार तारा. जीपीआयओ१५ चा १० किलोओहमचा पुलडाउन (पिन खाली धरून ठेवणारा रेझिस्टर) तसाच ठेवायचा, कारण सुरू होताना ती पिन खाली नसेल तर ईएसपी८२६६ नीट बूटच होत नाही.

तारा जोडल्या, एटी&के३ दिलं, ओके आलं, आरटीएस खाली केला, आणि ऑसिलोस्कोपवर पिन २ वरून डेटा तसाच वाहताना दिसला. म्हणजे फर्मवेअरमध्येही फ्लो कंट्रोल कुणी चालूच केलेलं नाही. आता तार आहे, पण तारेकडे बघणारं कुणी नाही.

जाता जाता : पुस्तिकेत कमोडोर ६४ च्या यूजर पोर्टवरूनच मोडेमला पॉवर द्या असं लिहिलंय. त्या ५ व्होल्टच्या पिनेवर १०० मिलिअँपिअरचीच मुभा असते, आणि वायफाय प्रसारणाच्या क्षणी ईएसपी८२६६ त्याहून जास्त ओढतो. कुणाचं तरी यंत्र जाण्याआधी ते पान फाडा.

मला हवंय ते असं. फर्मवेअरमध्ये &के३ खरोखर चालू करा, दुहेरी २५५ मधला एक काढा, आणि जे जमत नाही त्याला ‘एरर’ म्हणा. डीसीडी आणि डीटीआर फर्मवेअरने येणार नाहीत, त्यासाठी बोर्ड बदलून द्या, आवृत्ती १ चा चालेल. तेही नसेल जमत तर खोक्यावरचं ‘संपूर्ण’ खोडा आणि ज्यांना मोडेम विकलेत त्यांना पैसे परत करा. पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर बोर्डाचे फोटो, ऑसिलोस्कोपच्या नोंदी, के९९ ची स्क्रीन आणि चार तारांची कृती सगळ्यांसाठी खुली करेन, आणि जो मोडेम विचारेल त्याला तुमचा घेऊ नका असं कारणासकट सांगेन. आवृत्ती १ बद्दल याच तोंडाने चांगलं सांगितलं होतं, त्याचंच जास्त वाईट वाटतं. ती बनवणारी माणसं अजून तुमच्याकडे आहेत का? असतील तर हे पत्र त्यांच्या हातात द्या.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

आपली,
आवृत्ती २ ची एक ग्राहक

ता. क. : मोडेम सुरू होताना पडद्यावर कचरा येतो म्हणून तुम्ही दोनदा नवी केबल पाठवलीत. केबल निर्दोष आहे. ईएसपी८२६६ चा बूट रॉम सुरुवातीचे संदेश ७४८८० बॉडने पाठवतो आणि टर्मिनल ९६०० वर असल्याने ते वाचता येत नाहीत, एवढंच. दोन्ही केबल परत पाठवल्या आहेत. मिळाल्या की पोच द्या.