रंग जाणारं कापड

सोलापूर,
रविवार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा आपला टॉवेलांचा कारखाना सांभाळायला यायचं बोलणं निघालं, तेव्हा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, दहा वर्षं फौजेत काढलेल्या बाईला मागावरचं काय कळणार?" मी हसण्यावारी नेलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र कॅप्टन नायर आठवले. 'लीला' हॉटेलं काढणारे, ते. जग त्यांना हॉटेलवाले म्हणतं. आम्हा मागवाल्यांच्या लेखी ते कापडवालेच.

सी. पी. कृष्णन नायर, केरळातल्या कन्नूरचे, जन्म १९२२चा. फौजेत वायरलेसचं काम, ॲबटाबादला. (हुद्द्याने तू वर. तू मेजर, ते कॅप्टन. पण ती बिरुदावली त्यांनी शेवटपर्यंत नावामागे ठेवली, आणि ते मला आवडतं.) लग्न झालं ते कन्नूरच्या हातमागवाल्याच्या मुलीशी, लीलाशी. मग नोकरी सोडून सासऱ्यांच्याच धंद्यात शिरले. सासऱ्याच्या गादीवर बसलेल्या जावयाला आपल्या पेठेत काय म्हणतात ते तुला सांगायला नको. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नसावं. पुढे लेसच्या कारखान्याला आणि हॉटेलांनाही बायकोचंच नाव दिलं.

मला सांगायचंय ते १९५८चं. अमेरिकेचा एक आयातदार, जेकबसन, त्यांच्याकडून दहा हजार यार्ड मद्रास चौकडी, म्हणजे चौकड्यांचं सुती कापड, घेऊन गेला. वनस्पतींच्या रंगातलं सूत, तिळाच्या तेलाचा वास. नायरांनी बजावलं होतं म्हणे, की हे थंड पाण्यात हलक्या हातानेच धुवा. ती सूचना दुकानापर्यंत पोचलीच नाही. तिकडच्या ब्रूक्स ब्रदर्स या कपडेवाल्यांनी त्याची जाकिटं शिवून विकली, गिऱ्हाइकांनी मशीनमध्ये टाकली, आणि सगळे रंग एकमेकांत उतरले. कोर्टाच्या गोष्टी सुरू झाल्या. नायर काय करतात? 'सेव्हन्टीन' या तिकडच्या मुलींच्या मासिकाला त्या कापडाची हकीकत सांगतात, आणि ती छापून येते: दर धुण्याला नवा रंग दाखवणारं हिंदुस्थानी कापड! 'ब्लीडिंग मद्रास' म्हणून ते असं चाललं की पुढे रंग जाण्याची हमी देऊन विकलं गेलं.

ही युक्ती आपल्याला चालणार नाही, हे आधीच सांगतो. रंग जाणारा टॉवेल हमीने विकायला गेलो तर व्यापारी दारात उभा करणार नाही. माझ्या मनाला त्यातलं वेगळंच लागतं. त्या माणसाला आपल्या कापडाची खोड माल निघायच्या आधी ठाऊक होती, आणि त्याने ती तोंडाने सांगितली होती.

तू सहावीत होतीस त्या वर्षीचे लाल काठाचे टॉवेल आठवतात? दिवाळीच्या आत माल पोचवायचा म्हणून रंगवल्यावरचं साबणाचं धुणं मी एकावर उरकलं. दुसरं धुणं म्हणजे पाणी, कोळसा आणि एक अख्खा दिवस. चाळीस डझन परत आले. व्यापाऱ्याला मी सांगितलं, रंगाऱ्याने घात केला. रंगारी समोरच उभा होता, काही बोलला नाही. वर्षभर आपण घरी गुलाबी डागांचे टॉवेल वापरले आणि तू मैत्रिणींना सांगायचीस की आमच्याकडे डिझाइनच तसं आहे. तू तेव्हाच नायर होतीस. आणि मी नव्हतो, हे आज लिहून टाकतो.

हॉटेलं फार पुढची. मुंबईत विमानतळाजवळ सहारला पहिलं उघडलं तेव्हा ते पासष्टीला टेकले होते. मग गोव्यात मोबोरला, बंगळूर, उदयपूर, २०११ला दिल्ली. एकेक म्हणजे राजवाडा, आणि बराचसा बँकेच्या पैशावर. एक्क्याण्णव्या वर्षी कारभार मुलाकडे दिला, १७ मे २०१४ला गेले. २०१९मध्ये चार हॉटेलं ३,९५० कोटींना ब्रुकफिल्ड या कॅनडाच्या गुंतवणूक कंपनीकडे गेली, नावासकट. कर्ज फिटेना, दुसरं काय. हा भाग कुणी कौतुकाने सांगत नाही. मी सांगतो, कारण तू पाठवलेलं रेपिअर मागांचं, म्हणजे बिनधोट्याच्या नव्या मागांचं, कोटेशन माझ्या उशाशी आहे.

आठ रेपिअर एकदम नकोत. दोन घे. जुने माग वर्षभर चालू राहू देत. धोट्याचा खडखड आवाज तुला नकोसा होईल, पण कारागिरांची चूल त्यावर आहे. आल्यावर पहिले तीन महिने रंगखात्यात बस, ऑफिसात नको. तोच रंगारी अजून आहे. त्याला मी अजून काही बोललेलो नाही. तू यायच्या आत बोलीन म्हणतो.

कन्नूरहून आणलेली माझी चौकड्यांची लुंगी अजून धुवायला टाकली की बादली निळी होते. आलीस की तुझे पांढरे शर्ट तिच्याबरोबर भिजवू नकोस. आई मग मलाच ओरडते.

तुझा,
बाबा