जादा बॉनेट पिना जरूर बसवा, पण मूळ लॉक काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि ऑनलाइनही हल्ली बॉनेट पिनांची जोडी सहज मिळते. ही पिन म्हणजे खालच्या पट्टीत उभी बसवलेली दांडी. ती बॉनेटच्या भोकातून आणि त्यावरच्या स्टीलच्या चकतीतून वर येते आणि तिच्या टोकात क्लिप सरकवून बॉनेट अडकवतात. जुन्या गाडीचे बॉनेट थरथरते म्हणून, ठोकर बसल्यावर पुढचा भाग नीट जुळला नाही म्हणून किंवा गाडी रॅलीतल्यासारखी दिसावी म्हणून अनेक जण त्या सुटीच्या दिवशी घरीच बसवतात. काम अर्ध्या दिवसाचे आहे. मात्र पाकिटात बहुतेक वेळा माहितीपत्रक नसते, आणि इथली चूक भर रस्त्यात जिवावर बेतू शकते. म्हणून हे सविस्तर पत्र.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे पिना लागल्या की मूळ लॉक काढून टाकणे. एफआयए या मोटर स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रॅली नियमांत किमान दोन जादा पिना लावून मूळ लॉक निकामी करायला किंवा काढायला सांगितले आहे. त्याचीच नक्कल होते. पण ती स्पर्धेची गाडी असते, स्पर्धेला निघण्याआधी तिच्या पिना तपासल्या जातात. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीची क्लिप कोण तपासतो? मूळ लॉकला दोन टप्पे असतात. आतला खटका ओढला की बॉनेट जरासे उचलते आणि दुसऱ्या आकड्यात अडकते, तो आकडा बोटाने सरकवल्याशिवाय पूर्ण उघडत नाही. हा दुसरा आकडाच माणसाचा विसरभोळेपणा सांभाळून घेतो, साध्या पिनेत तशी सोय नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. शहरात ताशी 50 ला नुसते थरथरणारे बॉनेट द्रुतगती मार्गावर 100 ला उचलले, तर थेट समोरच्या काचेवर आदळते आणि पुढचे काही दिसत नाही.

म्हणून आधी मूळ लॉक ठीक करा. थरथरण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते. धूळ आणि जुने ग्रीस रॉकेलने धुऊन काढा, कोरडे करून नवे ग्रीस लावा, दुसऱ्या आकड्याची स्प्रिंग त्याला झटकन परत आणते का ते पाहा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतले रबरी बफर अर्धा-अर्धा आटा फिरवून उंची जुळवा. बऱ्याच गाड्यांची थरथर एवढ्यावरच थांबते, मग भोक पाडायची गरजच नाही.

तरीही पिना हव्या असतील, तर रेडिएटरच्या वरची आडवी पट्टी कशाची आहे ते आधी बघा. अनेक नव्या गाड्यांत ती प्लॅस्टिकची असते. प्लॅस्टिकमध्ये आवळलेली पिन झटका बसला की पट्टी फोडून निघते. अशा गाडीत लोखंडी भागापर्यंत पोचणारा 3 मिलिमीटर जाडीचा ब्रॅकेट करून घ्यावा लागेल, तो जमत नसेल तर हा नाद सोडावा. पट्टी लोखंडी असली तरी खाली मोठा, जाड वायसर हवाच.

जागा ठरवताना मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखे अंतर घ्या आणि पुढच्या कडेच्या जवळ राहा. बॉनेटच्या आतल्या फासळ्या पाहून, पिन दुहेरी पत्र्यातून जाईल अशी जागा निवडा. पट्टीखाली एसीचा कंडेन्सर, हॉर्न आणि वायरी असतात. ड्रिलचा बिट पट्टीतून आरपार गेला की मशीन पुढे धसते आणि कंडेन्सरला भोक पडते, मग गॅस गेला आणि खर्च वाढला. त्यामुळे मध्ये लाकडी फळी धरा आणि बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. 10 मिलिमीटरच्या पिनेसाठी पंच मारून आधी 3 चे भोक, मग 6 चे, मग साडेदहाचे.

पट्टीत पिन उभी करून वरून-खालून नट हाताने आवळा. पिनेच्या टोकाला ओल्या कुंकवाचा ठिपका लावा आणि बॉनेट हलकेच टेकवा, आदळू नका. आतल्या पत्र्यावर ठिपका उमटतो, तोच भोकाचा मध्य. तिथून खालून वर 3 चे भोक दोन्ही पत्र्यांतून सरळ न्या, बाहेरच्या बाजूला आधीच मास्किंग टेपचे दोन थर लावलेले असू द्या. आता पिन काढून बॉनेट बंद करा आणि वरच्या बारीक भोकातून बॅटरीच्या उजेडात पट्टीतले भोक बरोबर खाली येते का ते बघा. मध्य सरकला असेल, तर तो दुरुस्त करायची ही शेवटची संधी. मग बाहेरचा पत्रा स्टेप बिटने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या बिटने) वरून, मंद वेगाने 13-14 पर्यंत वाढवा, आतला त्याहून मोठा, 20 पर्यंत. बॉनेट मागच्या बिजागरीवर फिरत खाली येते, त्यामुळे पिन सरळ न शिरता किंचित तिरकी शिरते. आतले भोक तंग ठेवले, तर दर वेळी पिन कडेला घासून रंग जातो आणि शेवटी पिन वाकते.

बारीक चुऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. पहिल्या पावसात त्याचे तांबूस डाग रंगात उतरतात. पॉलिथिनच्या पिशवीत लोहचुंबक घालून तो गोळा करा, हवेच्या पाइपने उडवला तर अल्टरनेटरमध्ये जाईल. भोकांच्या कडा कानशीने गुळगुळीत करून झिंक प्रायमर आणि वर रंग लावा. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा पत्रा लवकर गंजू लागतो. वरच्या स्टीलच्या चकतीखाली रबर शीट हवीच, नाहीतर तिथे पाणी साचून गंज धरतो. बॉनेट ॲल्युमिनियमचे असेल तर स्टील त्याला थेट टेकू देऊ नका.

उंची जुळवणे हे खरे कौशल्य. मूळ लॉक लागलेले असताना अंगठ्याने बॉनेट किंचित दाबल्यावर क्लिप सरकली पाहिजे. न दाबता गेली तर पिन खडखडेल, जोर लावून बसवली तर चकतीभोवती पत्र्याला खळगा पडेल. उंची जमली की दोन्ही नट बहुधा 17 च्या पान्याने घट्ट करा, खाली नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहज सैल न होणारा) उत्तम. साधारण 100 किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा आवळा.

बटण दाबून उघडणारी, पत्र्याच्या पातळीत बसणारी लॉक दिसायला सुबक असतात, पण त्यांच्यासाठी बॉनेटमध्ये मोठी खाच कापावी लागते आणि ती पुन्हा बुजत नाही. आतली फासळी कापली गेली तर बॉनेट कमकुवत होते. घरी पहिल्यांदाच काम करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

साध्या पिनेचे टोक मात्र वर उभे राहते, आणि आपल्या रस्त्यांवर गाडीपुढे पादचारी आणि दुचाकीस्वारच असतात. पादचाऱ्यांच्या जिवाला धोका म्हणून केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये बुल बारवर (गाडीपुढे लावलेल्या धातूच्या गार्डवर) कारवाईचे आदेश दिले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलही करता येत नाहीत. तेव्हा भोक पाडण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून घ्यावे आणि पिन क्लिपच्या वर गरजेपुरतीच ठेवावी.

विक्रेत्यांना विनंती, की पाकिटात भोकांची मापे आणि ‘मूळ लॉक काढू नये’ एवढी सूचना असलेला मराठी कागद घालावा. एका पानाचे काम आहे.

आपला,
एक वाहन तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे