पोर्शनबाहेरचे प्रश्न

संपादक साहेब,

दहावी-बारावीचा निकाल लागला की गावोगावी टक्क्यांचे बॅनर लागतात आणि त्याच वेळी स्टेजवरून भाषणं सुरू होतात की हल्लीच्या मुलांना शिकायची आवडच नाही. मला हे अजिबात पटत नाही. आवड असते हो, आपणच ती मारतो.

आमच्या गोव्यातल्या चोडण बेटाचीच गोष्ट सांगते. शेजारच्या सातवीतल्या मुलाला प्रश्न पडला की खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या खारवट भातशेताच्या बांधावर जी मानस (पाणी अडवायची-सोडायची झडप) आहे तिची लाकडी दारं उघडायला-मिटायला कोणी माणूस दिसत नाही, मग ती चालतात कशी. ट्युशनला विचारलं तर उत्तर मिळालं, हे पोर्शनमध्ये नाही, आधी वर्कशीट पुरी कर. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला बांधावर नेऊन बसवलं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं म्हणून दारं घट्ट मिटतात आणि खारं पाणी भातात शिरत नाही, ओहोटी लागली की आतलं पाणी वर राहतं आणि तेच दाराला ढकलून बाहेर पडतं. फळी हलली, फटीतून पाणी सुटलं तसा हा पोरगा असा ओरडला की मी घरात ऐकलं! नंतर चंद्र काय, पाण्याचा दाब काय, हा बांध गावकारीने, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक संस्थेने, कसा सांभाळला काय, दोन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं त्याने. हे कुठल्या परीक्षेत येणार नाही, पण तो विसरणारही नाही.

आपल्याकडे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावाने 2008 पासून विचार महोत्सव होतो, चांगलंच आहे. पण त्यांचे वडील धर्मानंद, सांखवाळचे, 1876 चा जन्म, शाळा जेमतेम झालेली, एका मराठी मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका करत पाली शिकले, पुढे थेट हार्वर्डला जाऊन काम केलं. त्यांना कुणी पोर्शन दिला होता?

आता मुलांकडे वेळ तरी कुठाय, 2025 पासून मोठ्या वर्गांचं वर्ष एप्रिलातच सुरू झालं, शाळा सुटली की ट्युशन, ट्युशन सुटली की होमवर्क आणि मग मोबाईल घेतला की आपणच ओरडतो. पणजीला 1832 पासूनची सेंट्रल लायब्ररी आहे, पाटोवरची इमारत तर मस्तच, पण आमच्या मुलाने रात्री फेरीबोटीने रायबंदर आणि तिथून बस पकडून तिथे जायचं का?

माझं एवढंच म्हणणं आहे, आठवड्यातला एक तास मार्कांशिवाय फक्त मुलांच्या प्रश्नांना द्या, मास्तरांना उत्तर येत नसेल तर "चला बघूया" म्हणावं, त्यात कमीपणा नाही. आणि गावातली वाचनालयं संध्याकाळी उशिरापर्यंत आणि रविवारी सकाळी उघडी ठेवा, मुलं घरी असतात नेमकी तेव्हाच त्यांना कुलूप असतं.

एक आजी,
चोडण, तिसवाडी