बर ओकच्या झाडाची एकॉर्न (बिया) हवीत, आणि पाणी घालायला माणसं पण!

नमस्कार मंडळी,

पार्क डिस्ट्रिक्टने (इथल्या बागा-मैदानं सांभाळणारी संस्था) मैदानाच्या कडेची जागा आपल्या मंडळाला झाडं लावायला दिलीय हे बहुतेकांना माहितीय. तिथे आधी ॲशच्या झाडांची रांग होती, पण २००६ मध्ये इलिनॉयमध्ये एमराल्ड ॲश बोरर (ॲशची झाडं पोखरून मारणारा भुंगा) सापडला आणि नंतर शिकागोच्या आसपासचे ॲश एकेक करत गेले, त्यात ही रांगही गेली. कमिटीत बरीच चर्चा होऊन ठरलं की तिथे बर ओक लावायचा, म्हणजे इथल्या प्रेअरीचाच (गवताळ माळाचाच) गडी, साल इतकी जाड की वणव्यातूनही तग धरायचा.

तर पहिली मदत म्हणजे एकॉर्न. तुमच्या यार्डात किंवा शेजाऱ्यांकडे (विचारून हं!) जुना बर ओक असेल तर खाली पडलेली गोळा करा. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून (संरक्षित जंगलातून) मात्र एकही उचलू नका, तिथे परवानगी नसते. ओळखायचं कसं? पान मध्येच कमरेत बारीक होतं आणि वर रुंद, कडा गोलसर. कडांना टोकदार केसासारखे काटे दिसले तर तो रेड ओकवाल्यांपैकी, तो नको. पण खरी खूण एकॉर्नच, चांगलं मोठं, आणि टोपी अर्ध्यापर्यंत खाली ओढलेली, तिच्या कडेला मुंडावळ्यांसारखी झालर. एकदा बघितलं की परत चुकणार नाही.

गोळा केल्यावर टोपी काढून बादलीभर पाण्यात टाका, तरंगतील ती फेकून द्या. बारीक गोल भोक असलेलंही नको, त्यातनं अळी आधीच खाऊन पिऊन बाहेर पडलेली असते. राहिलेली ओलसर पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, सुकू देऊ नका, सुकली की मेलीच समजा. बर ओकला बऱ्याचदा पडल्या पडल्या कोंब फुटतो म्हणून आठवड्याच्या आत आणून द्या प्लीज.

कुंडीत रोपं का नाही करत असं बरेच जण विचारतात. याचं सोटमूळ आधी खाली जातं, वर वीतभर दिसत असताना खाली चार फुटांपर्यंतही गेलेलं असू शकतं, कुंडीत ते गोल गोल फिरत बसतं. म्हणून थेट जमिनीत, इंच-दीड इंच खोल, आडवं ठेवून पेरायचं आणि वर लगेच जाळी, नाहीतर खारी दुसऱ्या दिवशी सगळं उकरून खातात. पुढे हरणांचा त्रास वेगळाच, त्यासाठी उंच पिंजरा लागतो.

पैसे लागणार आहेत ते याच जाळी, खुंट आणि मल्चसाठी (बुंध्याभोवती पसरायचं आच्छादन). एका झाडामागे साधारण चाळीस डॉलर धरलेत, कुणी एका झाडाचे द्या, कुणी दोन-तीन घरं मिळून द्या, दहा डॉलर दिले तरी चालतील.

आणि स्पष्टच बोलतो, पेरणीच्या दिवशी फोटोला सगळे येतात, जुलैत पाणी घालायला कोणी नसतं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला पाणी घालावंच लागेल. त्यामुळे पैशांपेक्षा आम्हाला उन्हाळ्यातला एक एक आठवडा घेणारी घरं जास्त हवीत. सुट्टीला भारतात जाणार असाल तर तो आठवडा सोडून दुसरा घ्या, इतकं सोपं आहे. अजून एक, उत्साहाच्या भरात फांद्या छाटू नका, एप्रिल ते ऑक्टोबर अजिबात नाही, ताज्या जखमेवर बीटल बसून ओक विल्टची बुरशी आणतात.

मंडळाच्या ग्रुपवर आपलं नाव आणि काय देणार तेवढं लिहा, एकॉर्न, पैसे की आठवडा. एकॉर्न रविवारी मराठी शाळेच्या वेळेत घेऊ, पिशवीवर झाड कुठलं ते नक्की लिहा.

- वृक्ष समिती