विषय : जिवंत फायटोच्या (सूक्ष्म हिरव्या शेवाळाच्या) बाटलीतून आलेले शेवाळखाऊ रोटिफर आणि मंगळवारचा फोन

ऑर्डर क्रमांक मेलच्या वरच दिला आहे. बाटली उघडतानाचा व्हिडिओ आणि फोटो सोबत जोडलेत. हेच सगळं तुमच्या हेल्पलाइनवर चार वेळा सांगून झालं, म्हणून आता थेट व्यवस्थापनाला लिहितोय.

मे महिन्यात तुमच्याकडून नॅनोक्लोरोप्सिस या शेवाळाची २५० मिलीची जिवंत बाटली आणि ते वाढवायच्या एफ/२ खताचे ए व बी भाग मागवले. १,४८० रुपये आगाऊ भरले. पार्सल गुरुवारी हुबळीला आलं आणि सोमवारपर्यंत तिथेच गोदामात पडून राहिलं. शहापूरच्या घरी खोका हातात घेतला तेव्हा बाहेरूनच गरम लागत होता. आत थर्माकोल नाही, बर्फाची पिशवी नाही, नुसते वर्तमानपत्राचे दोन बोळे. आणि बाटलीवर तुमचंच लेबल : ‘मिळताच फ्रिजमध्ये ठेवा.’ वाटेतले पाच दिवस ती कुठे ठेवायची, हे कुणी ठरवायचं?

पालकाच्या रसासारखा रंग हवा, तो वाळलेल्या मेंदीसारखा झाला होता. हलवली तर तळाचा थर एकजीव होईना, गुठळ्याच फिरत राहिल्या. झाकण काढल्यावर सडलेल्या कोबीचा वास आला. त्याच संध्याकाळी फोन केला. ‘लाइटखाली ठेवा, दोन दिवसांत उठेल,’ असं उत्तर मिळालं. तुमचा शब्द मानून मी ती वाढायला लावली. आरओचं पाणी, मीठ १.०२० घनतेपर्यंत, आधी जंतू मारायला ब्लीच, मग ब्लीच उतरवायला थायोसल्फेट, खत लेबलवर लिहिलंय तेवढंच, ट्यूबलाइट सोळा तास. चौदा महिने मी हेच करतोय, माझ्या हातून काय चुकलं ते तुमच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगावं.

पाचव्या रात्री बाटली वरून फिकट दिसली. खोलीतला दिवा मालवून मागून टॉर्च धरला. पाण्यात रव्याच्या कणाहून बारीक पांढरे ठिपके हलत होते. नॅनोची पेशी दोन-तीन मायक्रॉनची, ती एकेकटी डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे जे हलताना दिसतं ते तिला खाणारं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राकडे थेंब नेला. सूक्ष्मदर्शकाखाली डोक्यावरचं केसाळ चक्र गरागरा फिरत होतं आणि पोट हिरवंगार भरलेलं होतं. रोटिफर. तुमच्या बाटलीतले ५० मिली मी वेगळ्या निर्जंतुक बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवले होते, त्यांना ना लाइट लावला ना हवा. त्यातही तेच, अंड्यांसकट. तेव्हा ‘तुमच्या घरातूनच गेले असतील’ हे आता पुन्हा ऐकवू नका.

नुकसान १,४८० रुपयांवर थांबलेलं नाही. त्याच फळीवर, त्याच एअर पंपावर माझं टेट्रासेल्मिस हे दुसरं हिरवं शेवाळ होतं. चौदा महिने दर आठ दिवसांनी अर्धं काढून, नवं पाणी घालून जपलेलं. लाइट गेला की बॅटरीवर पंप चालवला, गावाला गेलो तर शेजारच्या काकूंना कामं लिहून दिली. शुद्ध म्हणून विकत घेतलेली बाटली शेजारी ठेवली आणि तीन दिवसांत माझं सगळं हिरवं पाणी निवळलं, म्हणजे शेवाळ फस्त झालं. ३०० लिटरच्या टाकीत मंदारिन माशांची जोडी आहे. ती कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, टिपून जगते आणि कोपेपॉड या हिरव्या पाण्यावर. गोळ्या ते मासे तोंडात घेत नाहीत, मी कितीतरी वेळा घालून पाहिल्या आहेत.

आता मंगळवार. सव्वाअकराला फोन लावला. तुमच्या माणसाने हिंदीत सुरुवात केली, मी मराठीत बोलायची विनंती केली. ‘तुमचा पत्ता कर्नाटकचा दिसतोय, कन्नडवाल्यांकडे देतो.’ दिला. मला कन्नड येतं, शहापुरात वाढलेल्या माणसाला येतंच. सगळं पहिल्यापासून कन्नडमध्ये सांगितलं. त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि ‘हे मराठीवालेच बघतात’ म्हणून परत पहिल्याकडे जोडलं. पुन्हा पहिल्यापासून. मी रोटिफर म्हटल्यावर तो थांबला, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, ‘सर, मग तुमचा फायदाच झाला की. रोटिफर लोक पैसे देऊन घेतात, तुम्हाला फुकट मिळाले.’ मी विचारलं, हे तुम्ही मनापासून बोलताय का? ‘हो सर, माशांना घालून टाका.’ मी सांगितलं की माझं चौदा महिन्यांचं कल्चर संपलं. त्यावर म्हणतो, ‘शेवाळच ना सर ते, पाण्याच्या टाकीत पण येतं.’ मागे कोणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मग, महाराष्ट्राबाहेर बदली बाटली देत नाही, असं सांगून फोन ठेवला.

पैसे घेताना बेळगावचा पिनकोड तुमच्या साइटने बिनतक्रार घेतला होता. तेव्हा महाराष्ट्राबाहेर असल्याचं कुणी म्हटलं नाही. आम्हाला हद्दीच्या या बाजूला आहोत म्हणून इकडून तिकडे पाठवलं जाण्याची सवय आहे, पण ती सरकारी कचेरीत. दुकानदाराकडून हे ऐकायची वेळ पहिल्यांदा आली. आणि पुन्हा सांगतो, त्या खोक्यात बर्फाची एक पिशवी असती तर निदान निम्मी गोष्ट वाचली असती.

मी तुमची जाहिरात करत फिरलोय. निपाणी आणि कोल्हापूरच्या पाच जणांना तुमचंच नाव सांगितलं. त्यातल्या दोघांनी याच महिन्यात बाटल्या मागवल्यात, त्यांना काल रात्री फोन करून वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितलं. तो फोन तुम्ही करायला हवा होता.

मला पूर्ण पैसे परत हवेत. टेट्रासेल्मिसची नवी बाटली बर्फात, सोमवारी पाठवलेली हवी, म्हणजे ती रविवारी कुठल्या गोदामात अडकणार नाही. ज्या बॅचमधली ही बाटली होती ती बॅच ज्यांना ज्यांना गेली, त्या ग्राहकांना हे कळवा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिलावर तुमच्या शहरातल्या न्यायालयाचं नाव छापलंय ते वाचलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. मित्राने सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो तारखेसकट काढून दिले आहेत, ५० मिलीची बाटली फ्रिजमध्ये तशीच आहे.

मंदारिनची मादी कालपासून खडकांवर तोंड घासत फिरतेय आणि तिचं पोट आत गेलंय. कोपेपॉडची जी शेवटची बरणी उरली आहे ती रोज थोडी थोडी सोडतोय, आठवडाभर पुरेल.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

शहापूर, बेळगाव