हेल्मेट डोक्याच्या मापाचे मिळावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला असून साताऱ्यातील शोरूममध्ये नव्या मोटारसायकलींचे बुकिंग सुरू झाले आहे. गेल्या दसऱ्याला आम्हीही मुलासाठी गाडी घेतली. हार घातला, नारळ फोडला, कंदी पेढे वाटले आणि सीट कव्हर, क्रॅश गार्ड व मोबाईल होल्डर तिथल्या तिथे बसवून घेतले. हेल्मेट मात्र कोपऱ्यातल्या ढिगातून हाती आले ते मिळाले. त्याच्या मापाबद्दल ना शोरूममध्ये कोणी विचारले, ना आम्हाला ते सुचले.

तिसऱ्याच आठवड्यात यवतेश्वरच्या घाटात, वळणावर पसरलेल्या बारीक खडीवरून मुलाच्या गाडीचे पुढचे चाक घसरले. वेग जेमतेम तीसचा होता आणि डोक्याला मार लागला नाही, हे आमचे नशीब. कारण सैल हेल्मेट पडतानाच फिरून डोळ्यांवर आले होते. पडणारा माणूस आधी हात टेकतो, तसे त्यानेही टेकले. दोन्ही तळहातांची साल निघाली आणि आत रुतलेले खडीचे कण डॉक्टरांनी चिमट्याने एकेक करून काढले. पुढचे बारा-पंधरा दिवस त्याच्या आईने त्याला घास भरवला. हे सारे साध्या हातमोज्यांच्या एका जोडीने टळले असते, ही रुखरुख अजून जात नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ नुसार दुचाकी विकताना मानकाप्रमाणे बनवलेले हेल्मेट देणे उत्पादकावर बंधनकारक आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकताच येत नाही. आमच्या हेल्मेटवरही ते चिन्ह होते. पण मुलाच्या डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर आणि हेल्मेट ६० सेंटीमीटरचे, अशी स्थिती असेल तर त्या चिन्हाचा उपयोग काय? भुवयांच्या किंचित वरून, डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती शिंप्याची टेप फिरवली की माप कळते. नवे हेल्मेट गालांना घट्ट बसले पाहिजे, ते हलवले तर चेहऱ्याची कातडीही सोबत हलली पाहिजे, आणि पट्टा लावून मागून वर ओढले तरी ते निघता कामा नये. आतला थर्माकोलसारखा थर स्वतः चिरडून धक्का शोषतो. त्यामुळे जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदललेच पाहिजे.

हातमोजे तळव्याला चामड्याचे किंवा जाड आवरणाचे व मनगटाला पट्टा असलेले घ्यावेत. जॅकेट घेताना खांदा आणि कोपराचे पॅड बाहेर काढून पाहावेत. त्यांवर ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक छापलेले नसेल, तर तो बहुधा नुसता फोम असतो. छापलेले असेल तर लेव्हल २ चे पॅड लेव्हल १ पेक्षा कमी धक्का शरीरापर्यंत पोचू देतात. एप्रिलच्या उन्हात जॅकेट सोसवत नाही ही तक्रार खरी आहे, पण जाळीच्या कापडाचे जॅकेट चालत्या गाडीवर हवा खेळती ठेवते. बूट घोटा झाकणारे असावेत. चपलेवर गिअर टाकणारी मुले राजवाडा ते पोवई नाका या रस्त्यावर रोज दिसतात आणि पाहून जीव वरखाली होतो.

लवकरच उसाचा हंगाम सुरू होईल. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉलींमधून रात्री वाट काढणाऱ्या नवशिक्याने हेल्मेटला काळी काच लावणे म्हणजे आधीच्या अंधारात भर घालणे आहे. रात्रीसाठी पारदर्शक काच आणि अंगावर चमकणारी पट्टी एवढे तरी हवेच.

लाख-सव्वा लाखाची गाडी घेणाऱ्या घराने त्यातलेच काही हजार या कपड्यांसाठी बाजूला काढावेत. त्यासाठी गाडीचे मॉडेल एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. शोरूमचालकांना विनंती एवढीच की, सीट कव्हर बसवायला जसा माणूस असतो, तसा डोक्याचे माप घेणाराही असावा, तीन-चार मापांची हेल्मेट घालून पाहता यावीत आणि हातमोज्यांची किंमत गाडीच्या कोटेशनमध्येच लिहून दाखवावी. ही सोय येत्या दसऱ्याच्या आत व्हावी.

आपला,
एक पालक, सातारा