दोन घंट्या दिल्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अतिविचारावर एक चौकट आली होती. जास्त विचार करू नका, मन कशात तरी गुंतवा, सकारात्मक राहा, असा तिचा आशय. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हाच सल्ला मला बायकोने, ड्रायव्हरने, गावच्या गुरवाने पाच महिने दिला, आणि त्याच पाच महिन्यांत माझी अवस्था बिघडत गेली. म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहक आहे. नोकरीला चोवीस वर्षं झाली. २०२२ च्या पावसाळ्यात एका थांब्यावर मी दोन घंट्या दिल्या तेव्हा एका म्हातारीचा एक पाय अजून पायरीवर होता. गाडी हातभर सरकली आणि ती गुडघ्यांवर पडली. ड्रायव्हरने लगेच ब्रेक दाबला. मी धावत खाली उतरलो. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. "काय झाला नाय रे बाबा, हात दे," असं तीच मला म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती त्याच गाडीला आली आणि मला ओंजळभर फणसाच्या आठळ्या देऊन गेली.

तिच्यासाठी विषय तिथे मिटला. माझ्यासाठी तिथून सुरू झाला.

मुक्कामाच्या गाडीवर असलो की रात्री सीटवर आडवं झाल्याबरोबर तो थांबा डोळ्यांपुढे यायचा. मी दाराकडे बघितलं होतं की नव्हतं? ती मागे पडली असती तर? चाकाखाली आली असती तर? तिच्या घरी कोण कोण असेल? मलाच हे का झालं, चोवीस वर्षांत इतका बेफिकीर मी कधी झालो? पहाटे चारला ड्रायव्हर उठवायचा तेव्हा मी जागाच असायचो. मग दिवसा भरणा करताना पैसे तीनतीनदा मोजायचे, प्रत्येक थांब्यावर खाली उतरून पायरी बघायची. गाडीला उशीर, प्रवाशांची बोलणी. बायकोला रोज तोच प्रश्न, "मी बघितलं असेल ना गं?" ती "हो" म्हणाली की तासभर बरं वाटायचं, पुन्हा विचारावंसं वाटायचं. मन चिंती ते वैरी न चिंती, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण मला ते वैर वाटतच नव्हतं, जबाबदारी वाटत होती. विचार सोडला तर मी पुन्हा बेफिकीर होईन आणि पुढच्या वेळी खरंच कोणीतरी जाईल, असं मला ठाम वाटायचं. अतिविचार करणाऱ्या माणसाला "सोड ना" म्हणून का सुटत नाही, याचं कारण मला तरी हेच दिसतं. त्याच्या दृष्टीने तो कामच करत असतो.

उपचाराला जायचं म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "आता तुला रत्नागिरीला नेऊ काय?" आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि पुणेकर जसं येरवडा म्हणतात तसं आम्ही रत्नागिरी म्हणतो. मी आगारात दाढ दुखते असं सांगून गेलो. गेलो होतो जिल्हा रुग्णालयात. तिथे मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं, झोपेसाठी थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. अतिविचार हे एखाद्या आजाराचं नाव नाही, पण चिंतेच्या आजारात आणि नैराश्यात तो असतो, म्हणून आधी तपासणी, असं त्यांनी समजावलं.

मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाच महिने रोज विचार केलात, त्यातून नवीन काय कळलं?" मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाल्या, "त्या दिवशी काय राहिलं ते एका वाक्यात सांगा." मी म्हटलं, "दाराकडे न बघता दोरी ओढली." "आता काय करता?" "आधी दार बघतो, मग दोरी." "मग विचाराने करायचं काम झालेलं आहे. आता राहिलाय तो रवंथ."

"विचार करू नको" का चालत नाही तेही त्यांच्याकडूनच कळलं. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवायला सांगितली. घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्यांनाच विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा त्यांच्या घंट्या जास्त वाजल्या. माझं सगळं आयुष्य घंटीच्या दोरीखाली गेलेलं, मला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्यामुळे विचार थांबवायचा नाही, त्याला वेळ द्यायची. संध्याकाळी सहा ते साडेसहा, पडवीत, रोज त्याच जागी. अंथरुणात नाही. दिवसभरात विचार आला की मशीनच्या रोलच्या तुकड्यावर एक शब्द लिहायचा, खिशात टाकायचा आणि हातातलं तिकीट फाडायचं. सहा वाजता खिसा रिकामा करायचा. पहिल्या आठवड्यात दिवसाला वीस-बावीस तुकडे निघत. काहींवर काय लिहिलंय तेच संध्याकाळी कळेना. जे कळायचे त्यांना "का" विचारायचं नाही, "आता काय करता येईल" एवढंच विचारायचं. करण्यासारखं असलं तर करायचं, नसलं तर तुकडा चुलीत. बायकोलाही मॅडमनी एकदा बोलावून घेतलं. तेव्हापासून मी तो प्रश्न विचारला की ती "सहा वाजता बोलू" म्हणते.

हे सोपं होतं असं कृपया कोणी समजू नये. चौथ्या खेपेनंतर मी सोडून देणार होतो, कारण झोप उलट कमी झाली होती. साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि दोन तास जाण्याचे, दोन यायचे. एकूण अकरा खेपा झाल्या. पाऊस लागला की तो थांबा अजून आठवतो. आठवतो आणि जातो. मी पायरी एकदाच बघतो.

आमच्या विश्रांतीगृहात रात्री जागी असलेली माणसं मी आता ओळखू लागलो आहे. त्यातल्या प्रत्येकाला जिल्ह्याला जाणं जमणार नाही. त्यांच्यासाठी मी फळ्यावर १४४१६ लिहिलं आहे. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, विनाशुल्क, आणि मराठीतून बोलता येतं. फळा कोणी पुसला की पुन्हा लिहितो.

आपल्याकडे एवढीच विनंती आहे: हा क्रमांक रोज राशिभविष्याशेजारी छापावा. रात्रभर न झोपलेला माणूस सकाळी पेपर उघडला की आधी तिथेच बघतो. मीही तेच करायचो.

कळावे,
एक एसटी वाहक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी

ता. क. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. मुलीच्या लग्नाचं बोलणं चालू आहे, म्हणून तेवढा छापू नये.